कोर्टाच्या छताखाली तीन दिवस

मी निवृत्त झाले आणि पाच महिन्यांनी आई गेली. सगळी नोकरी बांधकाम खात्यात काढली, ग्वाल्हेर आणि आसपासच्या जिल्ह्यांत. शाळा, दवाखाने, लहान पूल. लग्न केलं नाही. त्यामागे काही कहाणी नाही. एक-दोन स्थळं आली, बदल्या होत राहिल्या, वडील गेले, मग आई आणि मी दोघीच उरलो आणि ते बरं चाललं. सिटी सेंटरमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तो आईला लिफ्ट हवी म्हणून. धाकटा भाऊ इंदूरला असतो. दर रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, आणि मग पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही.

आई असताना घरात मराठी होतं. ग्वाल्हेरचं मराठी, अर्ध्या वाक्यात हिंदीकडे कलणारं, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येईल असं. पण दिवसभर कानावर असायचं. बाहेर माझं आयुष्य हिंदीतच गेलं होतं. ठेकेदाराशी हिंदी, मिस्त्रीशी हिंदी, साहेबांशी हिंदी. आई गेल्यानंतर काही आठवड्यांनी कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "हो, करते बंद." मग लक्षात आलं, त्या दिवशी तोंडातून निघालेले ते पहिले शब्द होते. दुपारचे साडेबारा वाजले होते.

त्याच सुमारास एका मुलीचा फोन आला. तिशीच्या आतबाहेरची असावी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी नंबर दिला म्हणाली. ती स्वतः स्क्वॅश खेळायची, राज्याकडून खेळली होती, आणि आता एक लहानशी संस्था चालवत होती. वस्त्यांमधल्या मुलामुलींना शाळा सुटल्यावर आणायचं, एक तास अभ्यास घ्यायचा आणि दीड तास स्क्वॅश शिकवायचा.

"काकू, आमच्या कोर्टाची भिंत काहीतरी गडबड करून राहिली आहे," ती म्हणाली. "बॉल लागतो आणि तिथेच मरून जातो. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

मला काकू कोणी म्हणत नसे. काका नव्हतेच. मी म्हटलं, "येते. पण काकू नको, मावशी म्हण."

स्क्वॅश मी तोवर टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता. कोर्ट फूलबागेपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या क्लबाच्या आवारात होतं. क्लब कधीचाच नावापुरता उरला होता. चार उंच पांढऱ्या भिंती, लाकडी जमीन, मागच्या भिंतीत एक बुटकं दार, आणि त्या दाराच्या वर लहानशी गॅलरी, जिथे दोन बाकांवर बसून खाली खेळ पाहायचा. वर काँक्रीटचं सपाट छत. मी पोचले तेव्हा दोन मुली खेळत होत्या. लिंबापेक्षा लहान रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा, तो आवाज त्या बंद खोलीत छातीत जाणवायचा. पण डाव्या अंगाला एका ठराविक जागी लागला की आवाजच यायचा नाही. चेंडू भिंतीला चिकटल्यासारखा व्हायचा आणि खाली घसरायचा.

दोघींतली एक डावखुरी होती. तेरा वर्षांची, काडीसारखी, केस घट्ट बांधलेले. संस्था चालवणाऱ्या मुलीने, म्हणजे त्यांच्या दीदीने, माझी ओळख करून दिली तेव्हा ती रॅकेट काखेत धरून म्हणाली, "मैं तो जानके उधर मारती हूँ. बॉल वहीं मर जाती है, सामनेवाली पहुँचती ही नहीं. आप ठीक कर दोगी तो मेरा नुकसान है."

मी भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेले. तेवढा भाग प्लॅस्टर सुटून फुगला होता. बाहेरून जाऊन पाहिलं तर पावसाच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच जागी फुटलेला. आधी पाइप बदलायचा, मग भिंत वाळू द्यायची, मग प्लॅस्टर. मी माझ्या ओळखीचा मिस्त्री लावला आणि चार दिवस त्याच्या मागे उभी राहिले. तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मॅडम, ये कमरा है काहे का? खिड़की एक नहीं." मी त्याला खेळ समजावून सांगितला. जेवढा मला कळला होता तेवढा.

भिंत चांगली झाली. त्या डावखुऱ्या मुलीने दोन-चार फटके मारून पाहिले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, कारागिराच्या कामाला कारागिराने हलवावी तशी. त्या आठवड्यात दीदीने मला विचारलं, "मावशी, तुम्ही आमच्या सल्लागार मंडळावर येता का?"

मला बरं वाटलं, हे कबूल करते. सल्लागार म्हणजे ज्याला लोक विचारतात, अशी माझी समजूत. पहिल्या बैठकीला मी चांगली साडी नेसून, वही घेऊन गेले. मंडळावर सहा जण होते. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य, हिंदी फार सुंदर बोलणारे. ते आणि मी खोलीत. बाकीचे चौघे वेगवेगळ्या शहरांतून फोनच्या पडद्यावर, त्यातला एक गाडी चालवत होता. मुलांच्या भविष्याविषयी, इतर शहरांत अशा संस्था काय करतात याविषयी बोलणं झालं. ते सगळे भले लोक होते, आपला वेळ देत होते. पण दोन तासांत मला कोणी काही विचारलं नाही, आणि मलाही मध्ये बोलण्यासारखं काही सापडलं नाही. वहीत मी तारीख लिहिली होती, तिच्याखाली काही नव्हतं. नंतरच्या बैठकाही साधारण अशाच झाल्या.

कोर्टावर मात्र मी जात राहिले. आधी मंगळवार-शुक्रवार, मग रोज. चार वाजता घरातून निघायचं, ई-रिक्षाने फूलबाग, तिथून चालत. कोणी बोलावलेलं नव्हतं. आपण कशाला जातो असं मला स्वतःला विचारायचं नव्हतं, म्हणून मी पहिल्या महिन्यातच व्हरांड्यात गणित शिकवायला घेतलं. मुलं सतरंजीवर बसायची, शाळेच्या कपड्यांतच. त्यांना मी 'इंजीनियर मॅडम'. तास संपला की ती बूट बदलायला पळायची आणि मी गॅलरीत जाऊन बसायची. दीड तास खाली चेंडूचा आवाज, बुटांची करकर, दीदीचं ओरडणं. कोणी माझ्याशी बोलायचं नाही, पण मी एकटी नसायची. हा फरक किती मोठा आहे ते ज्याच्या घरात माणसं आहेत त्याला सांगून कळणार नाही.

डावखुरी मुलगी भूमितीत हुशार होती आणि बाकी गणितात आळशी. तिची आई पडाव भागात सकाळी बेडईचा, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्यांचा, ठेला लावायची. पहाटे आईबरोबर बटाटे सोलून मुलगी शाळेत जायची आणि चारला इथे. एकदा मी तिला कोन शिकवत होते. तिने पुस्तक बाजूला सारलं, मला हाताला धरून कोर्टात नेलं आणि बाजूच्या भिंतीवर मारलेला चेंडू समोरच्या भिंतीवर कुठे जाईल ते आधी बोट ठेवून दाखवलं, मग मारून दाखवलं. तीनदा. तिन्ही वेळा चेंडू बोटाच्या जागेपासून वीतभर अंतरात लागला. "ये तो मुझे आता है," ती म्हणाली. "इसका नाम 'कोण' है, ये नहीं मालूम था."

तिने एकदा मला सरळ विचारलंही होतं. "आप रोज़ क्यों आती हो? दीदी आपको बुलाती हैं क्या?"

मी म्हटलं, "काम रहता है."

गॅलरीतल्या बाकाकडे, माझ्या रिकाम्या हातांकडे तिने एकदा पाहिलं आणि खेळायला गेली.

दोन पावसाळे असे गेले. दुसरा पाऊस संपत आला असताना एका मंगळवारी मी गॅलरीतून उठले तेव्हा मांडीवर, साडीच्या निऱ्यांत, खरखरीत काहीतरी लागलं. चिमटीत घेऊन पाहिलं. सिमेंटचा कण, त्याला एका बाजूने तांबूस रंग. वर पाहिलं. छताच्या आतल्या बाजूला चुन्याखाली एक बारीक लालसर रेघ होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली. मी दोन वर्षं त्या बाकावर बसत होते आणि कधी वर पाहिलं नव्हतं. सगळी नोकरी मी दुसऱ्यांच्या छतांकडे बघण्यात काढली होती.

बुधवारी सकाळी चौकीदाराकडून किल्ली घेऊन एकटीच गेले. शिडी लावून, भिंतीच्या अंगाने सुरुवात करून, खालून हातोडीने ठोकत गेले. चांगलं काँक्रीट 'टण' बोलतं. हे ढब्ब बोलत होतं, एका जागी नाही, मधल्या सगळ्या पट्ट्यात. छिन्नीने एक पापुद्रा काढला. आत सळई होती, बोटाएवढी असायला हवी ती पेन्सिलीतल्या शिशाएवढी उरली होती, बाकी सगळा गंज. कधीकाळी वरच्या डांबराला भेगा पडल्या असतील, तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी मुरत राहिलं असेल. भिंत मी पाहिली, पाइप मी पाहिला, छतावर मी चढले नव्हते. कोणी सांगितलं नव्हतं म्हणून.

अकरा वाजता मला जे कळायचं ते कळलं होतं. कुठल्याही कनिष्ठ अभियंत्याने असं काही माझ्यासमोर आणलं असतं तर मी त्याच तासाला दाराला कुलूप लावायला सांगितलं असतं. दुरुस्ती हा उपाय नव्हता. छत पाडून नवं घालायला हवं होतं, आणि तो क्लब ते कधीच करणार नव्हता.

मी दीदीला फोन केला नाही.

बुधवारी चार वाजता मी गेले, गणित शिकवलं, गॅलरीत बसले. गुरुवारी गेले. शुक्रवारी गेले. मी स्वतःशी म्हणत होते की एकदा नीट हिशेब मांडून पाहावा, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारावं, घाईने काही बोलू नये. मी कोणाला विचारलं नाही आणि कागदावर एक आकडाही लिहिला नाही. मी फक्त रोज जाऊन त्या छताखाली बसत होते. मी स्वतःही तिथेच बसते आहे म्हणजे जणू सगळं बरोबर होत होतं. पण मी त्रेसष्ट वर्षांची होते, माझ्या मागे कोणी नव्हतं. खाली बारा ते पंधरा वर्षांची वीस मुलं होती. गुरुवारी डावखुरीचा एका मोठ्या मुलाशी सामना होता. ती जिंकली, सगळी मुलं गॅलरीत येऊन पाय आपटून ओरडली, आणि मी वर त्या लाल रेघेकडे पाहत राहिले.

खरं कारण मला माहीत होतं. शनिवारपासून चार वाजता मी कुठे जाणार होते?

शनिवारी सकाळी मी दीदीला घरी बोलावलं. तिच्यासमोर चहा ठेवला आणि सांगितलं. ती कप हातात धरून बसली. तिला वाटलं मी भिंतीसारखंच आणखी एक काम काढलं आहे.

"मग काय करायचं, मावशी? मिस्त्री बोलवू?"

"मिस्त्रीचं काम नाही ते. कोर्ट बंद करायचं."

"किती दिवस?"

"दिवस नाही. बंदच."

तिने कप खाली ठेवला. सहा आठवड्यांवर राज्याची स्पर्धा होती. तिची चार मुलं पहिल्यांदाच जाणार होती, त्यांत डावखुरी होती. "खालून लोखंडी टेकू नाही लावता येणार? स्पर्धेपर्यंत?"

"टेकू कोर्टाच्या मधोमध येतील. खेळणार कुठे?"

ती मग म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला पुढचा प्रश्न विचारायचा होता, पण तिच्या आईच्या वयाची बाई समोर बसली होती. ती उठली, माझ्या आईच्या फोटोला सवयीने नमस्कार केला, आणि चहा तसाच ठेवून गेली. कोर्टाला त्याच दुपारी कुलूप लागलं. एवढं तिचं मोठेपण की तिने एक दिवसही लावला नाही.

सोमवारी मंडळाची तातडीची बैठक झाली. या वेळी सगळे माझ्याशीच बोलत होते. गाडी चालवणारा गृहस्थ म्हणाला की इमारत इतकी वर्षं उभी आहे. दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, मी निवृत्त होऊन किती काळ झाला. प्राचार्यसाहेब शेवटी फार सौम्यपणे म्हणाले, "देखिए, कोई आपसे झूठ बोलने को नहीं कह रहा. आप बस इतना लिख दीजिए कि फ़िलहाल सुरक्षित है. छह हफ़्ते की बात है. बच्चों का सोचिए."

मी म्हटलं, "बच्चों का ही सोच रही हूँ, सर." हे बोलताना माझा आवाज कोरडा पडला, कारण बुधवार ते शुक्रवार मी मुलांचा विचार केला नव्हता आणि ते दीदीला माहीत होतं. ती माझ्या शेजारीच बसली होती, समोरच्या कागदावर नजर ठेवून. मी घरी येऊन तीन ओळींचं पत्र लिहिलं, सही केली, पाठवलं. मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यावर कोणी काही लिहिलं नाही. पुढचे पंधरा दिवस तिथे फक्त सुप्रभाताची फुलं येत राहिली.

चार वाजता मी साडी बदलून बसायची. हे दोन-तीन दिवस झालं, मग मी दुपारी झोपायला लागले. आधी कधी झोपत नव्हते. उठले की बाहेर अंधारून आलेलं असायचं आणि आता सकाळ आहे की संध्याकाळ ते क्षणभर कळायचं नाही.

एका रविवारी बेल वाजली. दारात डावखुरी मुलगी होती. पत्ता तिने दीदीकडून घेतला होता. आत यायला तयार नव्हती.

"आपने बंद करवाया?"

"हाँ."

"दीवार आपने ठीक की थी. छत क्यों नहीं कर सकतीं?"

मी म्हटलं, "चल, दिखाती हूँ."

तिला घेऊन क्लबात गेले. मी तिला आत जाऊ दिलं नाही, पण कोर्टाच्या दारावर बाहेरच्या बाजूला एक छज्जा होता, छताच्याच वेळी ओतलेला, खालच्या पायरीवर चढून कडेने हात पोचेल असा. मी तिच्या हातात हातोडी दिली. आधी भिंतीवर ठोकायला सांगितलं, मग छज्ज्याच्या कडेला. तिने ठोकलं. पुन्हा भिंतीवर. पुन्हा छज्ज्यावर. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून ऐकलं. चौथ्या ठोक्याला तळव्याएवढा तुकडा निघून पायरीवर फुटला. ती दचकून मागे आली. मी तिचा दंड धरला होता.

"अंदर भी ऐसा है?"

"अंदर ज़्यादा है."

तिने तुकडा उचलला, बोटांनी चुरला. हात तांबडा झाला. मग तिने विचारलं, "आपको कब पता चला?"

"बंद होने से तीन दिन पहले. बुध को."

"गुरुवार को तो मेरा मैच था." ती माझ्याकडे पाहत राहिली. "आप ऊपर बैठी थीं. बताया क्यों नहीं?"

माझ्याकडे हिंदीत उत्तर होतं. चाचणी, खात्री, नियम. तेच मी देणार होते. पण तोंडातून निघालं ते मराठीत. "मला इथे यायचं होतं गं. घरी कोणी नसतं."

"क्या?"

"कुछ नहीं. ग़लती हुई मुझसे."

तिने मान डोलावली. चूक मान्य केली की विषय संपतो, असं बहुधा त्यांच्या कोर्टावर होतं. दीदी त्यांना तेच शिकवायची. चेंडू दोनदा टप्पे खाऊन गेला असेल तर आपणहून सांगायचं आणि पुढचा गुण खेळायचा. ती नळावर हात धुऊन आली आणि म्हणाली की आईला दुपारी मदत करायची आहे. मी तिला पडावपर्यंत सोडते म्हटलं, तर म्हणाली नको, शेअरचा टेंपो मिळतो. ती गेल्यावर मी पायरीवर थोडा वेळ बसले. मी जे बोलले ते दुसऱ्या कोणाला कधी बोललेले नाही. भावालाही नाही.

स्पर्धेला चारांपैकी दोन मुलं गेली. डावखुरी गेली. सहा आठवडे ती शाळेच्या मैदानाच्या कुंपणभिंतीवर खेळली होती. दुसऱ्या फेरीत हरली. दीदीने ग्रुपवर फोटो टाकला, त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

त्या हिवाळ्यात क्लबाच्या मालकांनी जागा दुसऱ्या कोणाला दिली आणि कोर्ट पाडायला काढलं. मी पाहायला गेले. जायला नको होतं. मला वाटलं होतं की घणाच्या दोन घावांत छत खाली येईल. आलं नाही. मशीन आणलं तरी मधला भाग दुपारपर्यंत लोंबकळत राहिला. पाडणाऱ्यांचा मुकादम पाणी प्यायला माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. "पुराना माल है," तो म्हणाला. "ये तो दस साल और निकाल देती."

मी त्याला सांगू शकले असते की पाडायच्या जोराने जे पडत नाही ते एखाद्या पावसात आपोआप पडतं, तसं होताना मी पाहिलं आहे, एका शाळेत, सुट्टीचा दिवस होता म्हणून निभावलं. ते खरं आहे. पण त्या छताचं काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. मी बरोबर होते असं मला आजही वाटतं. कोणी तसं म्हटलेलं नाही.

रात्री दीदीला फोन करून मुकादमाचं बोलणं सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. तिने मला माफ केलं तर बरं, किंवा रागावली तर बरं, असं काहीतरी असेल. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आता ते सोडा. मीपण सोडून राहिले आहे." मग थोडं थांबून, "त्या शनिवारी तुम्ही सांगितलंत ना. बाकीचे तर नसतेच बोलले." बुधवार ते शुक्रवारबद्दल ती बोलली नाही. ती कधीच बोलली नाही.

संस्था टिकली. मुरारच्याही पुढे, गावाबाहेरच्या एका मोठ्या शाळेत काचेच्या भिंतीचं नवं कोर्ट होतं, ते आठवड्यातून तीन दिवस मिळालं. बस ठरली. पण इतक्या लांब सगळ्यांच्या घरचे पाठवेनात. विसातली नऊ मुलं राहिली, मुलींतल्या फक्त तीन. डावखुरी पहिले काही महिने गेली. मग दहावी आली. पुढच्या हिवाळ्यात ती आठवड्यातून दोनदा माझ्याकडे गणिताला यायची, स्वेटरला तळणाचा वास, आल्या आल्या खिडकीशी उन्हात बसायची. तिची आई कधी कागदात बेडई बांधून द्यायची. परीक्षा झाली, गणितात चांगले गुण पडले, आणि मग तिचं येणं थांबलं. कारणच उरलं नव्हतं. पुढे भोपाळला एका क्रीडा वसतिगृहात तिची निवड झाली हे मला ग्रुपवरून कळलं. मी अभिनंदनाचा निरोप लिहिला. तिने दोन दिवसांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

गेल्या वर्षी दीदीने नव्या कोर्टाची पाहणी करायला मला बोलावलं. मंडळाने आता नियमच केला आहे की दरवर्षी छत, भिंती, जमीन सगळं तपासून लेखी द्यायचं. मला वाटलं नव्हतं की त्या पत्रातून असं काही निघेल. मी शिडीवर चढले, सगळीकडे ठोकून पाहिलं, सगळीकडे टण आवाज आला. सही केली. मग काचेमागे उभी राहून तासभर खेळ पाहिला. तिथे बसायला जागा नाही. मुलं बहुतेक नवी होती, मला ओळखणारी तीन-चारच, तीही आता माझ्यापेक्षा उंच.

परत येताना मी मुलांच्याच बसने आले. पुढच्या सीटवर एकटी बसले. मागे ती सगळी कोणत्यातरी गुणावरून भांडत होती, चेंडू आत होता की बाहेर, हातवारे करून, एकमेकांच्या अंगावर पडून. दीदी मधूनच एखादीला गप्प करायची आणि स्वतःच हसायची. फूलबागेच्या वळणावर ड्रायव्हरने माझ्यासाठी बस थांबवली. उतरताना मी मागे वळून "येते" म्हटलं. दीदीने हात केला. मुलांपैकी कोणाला ऐकू गेलं नाही, त्यांचं भांडण अजून मिटलं नव्हतं. बस पुढे गेली. संध्याकाळची रहदारी सुरू झाली होती, मला रस्ता ओलांडायला बराच वेळ लागला.